अफू न विकणारी पेढी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील मिशनच्या वसतिगृहात राहून शिकले. अलीकडे घराची आवराआवर करताना त्यांची शाळेतली एक वही सापडली. तिच्या एका पानावर ‘ऑलिफंट साहेब, चीनचे व्यापारी. उपदेशकांना जहाज फुकट. अफू विकली नाही’ एवढेच लिहिले आहे. असा कोणी मनुष्य खरोखर होऊन गेला का, की ही मुलांना बोध करण्यासाठी रचलेली गोष्ट असावी? — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ही रचलेली गोष्ट नाही. आपल्या वडिलांनी टिपून ठेवलेली तिन्ही वाक्ये खरी आहेत, आणि ती ज्यांच्याविषयी आहेत ते गृहस्थ म्हणजे डेव्हिड वॉशिंग्टन सिनसिनाटस ऑलिफंट. त्यांचा जन्म ७ मार्च १७८९ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतातील न्यूपोर्ट या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील स्कॉटलंडमध्ये जन्मलेले वैद्य होते आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात दक्षिणेकडील फौजेच्या रुग्णालयांचा कारभार त्यांच्याकडे होता. मुलाच्या नावात ‘वॉशिंग्टन’ आले ते सेनापतीवरून, आणि ‘सिनसिनाटस’ आले ते त्या युद्धातील अधिकाऱ्यांनी पुढे स्थापन केलेल्या संघटनेवरून.

१८०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला एका नातलगाच्या पेढीवर कामाला लागले. ही पेढी चीनशी व्यापार करीत असे, आणि तेव्हापासून त्यांचे सारे आयुष्य चहा, रेशीम आणि जहाजे यांच्यातच गेले. १८२० साली न्यूयॉर्कचे चहाचे बडे व्यापारी टॉमस स्मिथ यांचे मुखत्यार म्हणून ते प्रथम कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला गेले. स्मिथ यांनी आवाक्याबाहेर चहा भरला आणि काही वर्षांत त्यांची पेढी बुडाली. धन्याची पेढी बुडाली की मुनिमाची काय दशा होते, हे आपल्याकडच्या कापसाच्या बाजारपेठांनी अनेकदा पाहिलेले आहे. ऑलिफंट मात्र त्यातून सावरले, आणि १८२८ साली चार्ल्स टॅलबट यांना भागीदार घेऊन त्यांनी ‘ऑलिफंट आणि कंपनी’ ही स्वतःची पेढी उभी केली.

आता मिशनऱ्यांचा भाग. चीनमध्ये पोहोचलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन हे १८०७ साली कँटनला उतरले. ते इंग्रज होते, पण ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या जहाजांवर घेण्यास राजी नसे. म्हणून त्यांना आधी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जावे लागले आणि तेथून अमेरिकी जहाजाने चीन गाठावा लागला. पुढे त्याच कंपनीने त्यांना दुभाषा म्हणून नोकरीस ठेवले, हा भाग वेगळा. परकीयांना चिनी भाषा शिकवणाऱ्या पंडिताला शिक्षा होण्याची भीती होती आणि धर्मप्रसाराला बंदी होती. अशा स्थितीत मॉरिसन वर्षानुवर्षे शब्दकोश आणि बायबलचा अनुवाद यांवर खपत राहिले. तो अनुवाद १८२३ साली छापून पूर्ण झाला. कँटनच्या परकीय व्यापाऱ्यांत त्यांच्या कामाची मनापासून कदर करणारे फार थोडे लोक होते, आणि त्यांत ऑलिफंट हे सर्वांत निकटचे.

१८२७च्या सुमारास या दोघांनी अमेरिकेतील मिशन मंडळाकडे चीनसाठी माणसे पाठवण्याची विनंती केली. आपल्या मराठी वाचकांना हे मंडळ परके वाटू नये. कारण याच मंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले होते, आणि याच मंडळाच्या मराठी मिशनने पुढे १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. मंडळापुढे खर्चाचा प्रश्न होता. तेव्हा ऑलिफंट यांनी नुसता पाठिंबा न कळवता, येणाऱ्या मिशनऱ्याला आपण आपल्या जहाजातून विनामूल्य आणू आणि कँटनमध्ये एक वर्ष त्याच्या राहण्या-जेवण्याचा भार उचलू, असे स्पष्ट शब्दांत कळवले. त्याप्रमाणे ऑक्टोबर १८२९ मध्ये ‘रोमन’ नावाच्या जहाजातून इलायजा ब्रिजमन आणि डेव्हिड एबील हे दोघे निघाले आणि फेब्रुवारी १८३० मध्ये कँटनला पोहोचले. मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी घरात वाढलेले ब्रिजमन हे चीनमधील पहिले अमेरिकी मिशनरी ठरले.

‘जहाज फुकट’ हे शब्द वहीत दोनच असले तरी त्यांचे मोल ध्यानी घेतले पाहिजे. न्यूयॉर्क ते कँटन हा प्रवास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून चार महिन्यांचा होता. तेवढे दिवस एका माणसाला निजायला जागा, दोन वेळचे अन्न आणि गोडे पाणी पुरवायचे म्हणजे तेवढ्या जागेत माल भरून मिळणाऱ्या भाड्यावर पाणी सोडायचे. अशी सवलत एकदा-दोनदा देणे कोणाही सधन माणसाला जमेल. या पेढीच्या जहाजांनी ती पुढील काही वर्षांत मिशनरी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून पन्नासाहून अधिक वेळा दिली.

ब्रिजमन आल्यानंतर छापखान्याची गरज भासू लागली. न्यूयॉर्कमधील ज्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, ऑलिफंट सभासद होते, तिने एक छापयंत्र पाठवले आणि आपल्या दिवंगत पाळकांचे नाव त्याला दिले. छापखान्यासाठी जागा ऑलिफंट यांनी पुरवली. मे १८३२ मध्ये ब्रिजमन यांनी ‘चायनीज रिपॉझिटरी’ हे इंग्रजी मासिक सुरू केले, तेव्हा त्यात तोटा आला तर तो आपण भरून देऊ अशी हमीही ऑलिफंट यांनी घेतली. हे मासिक १८५१ पर्यंत, म्हणजे एकूण वीस खंड चालले. त्यात चीनचा भूगोल, कायदे, भाषा, व्यापार आणि अफू या सर्वांविषयी इतकी माहिती आहे की त्या काळचा अभ्यास करणारा कोणीही विद्वान आजही ते चाळल्याशिवाय पुढे जात नाही. धर्मप्रसारासाठी दिलेल्या पैशातून असे ज्ञानाचे साधन उभे राहिले, ही गोष्ट मला या सगळ्या चरित्रात फार मोलाची वाटते. १८३३ साली याच छापखान्यासाठी सॅम्युएल वेल्स विल्यम्स हे मुद्रक म्हणून आले, आणि पुढे चिनी भाषेचे व संस्कृतीचे मोठे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव झाले.

१८३४ साली डॉ. पीटर पार्कर आले. चीनमध्ये वैद्यक घेऊन आलेले ते पहिले पूर्णवेळ प्रॉटेस्टंट मिशनरी. त्यांनी नोव्हेंबर १८३५ मध्ये कँटनला डोळ्यांचे रुग्णालय उघडले, आणि मोतीबिंदूने आंधळे झालेले लोक पहाटेपासून दाराशी रांगा लावू लागले. नेत्रशिबिराच्या दिवशी आपल्या तालुक्याच्या गावी जी गर्दी होते ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. या रुग्णालयाची इमारत हौक्वा नावाच्या अतिशय धनाढ्य चिनी व्यापाऱ्याची होती आणि पुढे त्यांनी तिचे भाडे घेणेच सोडून दिले. म्हणजे या कामाला हात लावणारा व्यापारी केवळ अमेरिकेचाच होता असे नाही. १८३८ साली कँटनच्या परकीयांनी वैद्यकीय मिशनसाठी जी संस्था काढली, तिच्या मागेही ऑलिफंट यांची पेढी होती.

ऑलिफंट १८५० साली पुन्हा चीनला गेले, तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. १८५१ साली मायदेशी परतताना १० जून रोजी इजिप्तमध्ये, कैरो येथे त्यांचे निधन झाले. १८२४ साली जन्मलेल्या आपल्या एका मुलाचे नाव त्यांनी ‘रॉबर्ट मॉरिसन’ ठेवले होते. आपल्या मित्राविषयी त्यांच्या मनात काय होते ते यावरून कळते.

प्रश्न : कँटनच्या इतिहासात वारंवार ‘वखार’ हा शब्द येतो. आमच्या गावात वखार म्हणजे जळाऊ लाकडे विकण्याची जागा. चीनमधील वखार म्हणजे नेमके काय? — एक विद्यार्थिनी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : सुरतेची आणि राजापूरची इंग्रजांची वखार आपण शाळेच्या पुस्तकात वाचली असेल, कँटनची त्याच जातीची. परकीय व्यापाऱ्याने जेथे राहायचे, माल साठवायचा आणि हिशेब करायचा, अशी ती वास्तू असे. चिनी बादशहाने परकीयांचा सारा सागरी व्यापार एका कँटन बंदरापुरता बांधून ठेवला होता. तेथेही त्यांना शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या तेरा वखारींच्या चिंचोळ्या पट्ट्यातच राहावे लागे. बायकांना तेथे आणण्याची मनाई होती, व्यापाराचा हंगाम संपला की पोर्तुगिजांच्या मकाव गावी निघून जावे लागे, आणि माल घ्यायचा-द्यायचा तो फक्त सरकारने नेमलेल्या मोजक्या चिनी व्यापाऱ्यांशी. वर ज्यांचा उल्लेख आला ते हौक्वा त्यांच्यापैकीच. ऑलिफंट यांच्या पेढीचे बिऱ्हाड अमेरिकी वखारीत होते, आणि तेथे चालणाऱ्या प्रार्थनांमुळे इतर व्यापाऱ्यांनी त्या कोपऱ्याला ‘सियोनचा कोपरा’ (सियोन म्हणजे बायबलमधील जेरुसलेमची पवित्र टेकडी) असे नाव पाडले होते. ते नाव कौतुकाने ठेवलेले नव्हते.

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्यांपासून अडतीच्या धंद्यात आहे. ऑलिफंट यांनी अफू विकली नाही हे मान्य केले, तरी माझ्या दोन शंका आहेत. एक म्हणजे एका दुकानदाराने माल ठेवला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून घेते. मग त्यांच्या नकाराने काय साधले? दुसरी म्हणजे भाषा जाणणारे मिशनरी जवळ असणे व्यापाऱ्याला फायद्याचेच असते. हा धर्म होता की धंदा? — एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : आपल्या दोन्ही शंका व्यापार जाणणाऱ्या माणसाच्या आहेत आणि त्यांना तशीच हिशेबी उत्तरे मिळाली पाहिजेत.

पहिली शंका आधी घेऊ. चीनमधून चहा आणि रेशीम घ्यायचे, पण बदल्यात द्यायला चिनी बाजारात खपेल असा माल पुरेसा नाही, ही साऱ्या पाश्चात्त्य व्यापाऱ्यांची अडचण होती. आधी ते चांदी ओतत. मग त्यांना अफू सापडली. बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनी स्वतः पिकवून घेई आणि कलकत्त्याला लिलाव करी; माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जाई. जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या ज्या पारशी व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून मुंबईत रुग्णालये आणि शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या संपत्तीतही चीनला जाणारा कापूस आणि अफू या दोहोंचा वाटा होता. अमेरिकी व्यापारी तुर्कस्तानातून अफू आणत आणि त्यांच्या बहुतेक नामांकित पेढ्या या धंद्यात होत्या. कँटनमधील अमेरिकी पेढ्यांत अफूपासून दूर राहिलेली म्हणून ऑलिफंट यांचीच पेढी ओळखली जाई.

अफू म्हणजे काय हे विदर्भाच्या खेड्याला सांगावे लागत नाही. निंदणाला जाणारी बाई तान्ह्या लेकराला अफूची मोहरीएवढी गोळी चाटवून धुऱ्यावरच्या झोळीत निजवी, असे माझी आजी सांगत असे. ती हे सांगताना आवाज खाली आणी, कारण त्यांतली काही लेकरे उठत नसत. चीनमध्ये तीच वस्तू दरवर्षी हजारो पेट्यांनी उतरत होती, आणि तीही बादशहाची बंदी मोडून.

आपण म्हणता तसे, ऑलिफंट यांच्या नकाराने चीनमध्ये उतरणारी एकही पेटी कमी झाली नसेल. पण त्या नकाराचा एक उपयोग निश्चित झाला. ‘अफूवाचून हा व्यापार चालतच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या शेजारच्याच वखारीत, अफूवाचून चालणारी पेढी रोज उघडत होती. मार्च १८३९ मध्ये लिन झेशू हे बादशहाचे आयुक्त कँटनला आले आणि त्यांनी परकीयांना वखारींत कोंडून वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. जूनमध्ये कँटनजवळच्या हुमेन येथे मोठाले चर खणून, त्यांत पाणी भरून, मीठ आणि चुनखडी टाकून ती अफू विरघळवून समुद्रात सोडण्यात आली. हे काम तीन आठवडे चालले. तो प्रकार जवळून पाहण्यासाठी ऑलिफंट यांच्या पेढीचे भागीदार चार्ल्स किंग, त्यांच्या पत्नी आणि ब्रिजमन हे १७ जून रोजी तेथे गेले आणि लिन यांनी त्यांची भेट घेतली. परकीय व्यापाऱ्यांत लिन यांना विश्वासाने बोलता येईल असे जे मोजके लोक होते, त्यांत या पेढीची माणसे होती. ती पत एका दिवसात मिळालेली नव्हती. दहा वर्षे सोडलेल्या नफ्याची ती कमाई होती. अफूवरून इंग्रज आणि चीन यांच्यात पेटलेले युद्ध मात्र त्यामुळे टळले नाही.

तरीही येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८३०च्या दशकात अमेरिकी व्यापारी चांदीऐवजी लंडनवरच्या हुंड्या घेऊन कँटनला येऊ लागले होते. या हुंड्या विकत घेणारे कोण, तर ज्यांच्याकडे अफूच्या विक्रीची रोकड साचलेली होती आणि ती इंग्लंड-हिंदुस्थानात पोहोचवायची होती ते. म्हणजे अफूला हात न लावता चहा भरणाऱ्या माणसाच्या चहाची किंमतही फिरून त्याच रोकडीतून चुकती होत असे. आपण अडतीच्या धंद्यातले आहात, तेव्हा बाजारात फिरणारा पैसा कुठून कुठे जातो ते आपल्याला मी समजावण्याची गरज नाही. कँटनमध्ये व्यापार करणारी कोणतीही पेढी या चक्रापासून पुरती अलिप्त राहू शकत नव्हती. यामुळे ऑलिफंट यांच्या नकाराची किंमत मी कमी मानत नाही. फक्त त्यांच्या चरित्रकथेत त्यांना जे पूर्ण निर्मळ करून दाखवले जाते, ते मला पटत नाही.

आता दुसरी शंका. धर्म आणि धंदा त्यांच्या मनात निरनिराळ्या कप्प्यांत नव्हते, असे माझे मत आहे, आणि त्याला दोन जलप्रवासांचा आधार आहे. पहिला ‘ह्यूरॉन’ जहाजाचा. त्या काळी कार्ल गुत्सलाफ हे जर्मन मिशनरी चीनच्या किनाऱ्यावर पुस्तके वाटण्यासाठी अफूच्या जहाजावर दुभाषा म्हणून गेले होते. एका बाजूने अफूची पेटी उतरे आणि दुसऱ्या बाजूने धर्मपुस्तक. ही विसंगती ऑलिफंट यांना सहन झाली नाही. त्यांनी १८३५ साली ‘ह्यूरॉन’ हे जहाज अफूशिवाय पाठवले आणि त्यातून वॉल्टर मेडहर्स्ट व एडविन स्टीव्हन्स हे मिशनरी चीनच्या उत्तरेकडील शांतुंग प्रांतापर्यंतचा किनारा फिरून आले. या फेरीत व्यापाराचा लाभ नव्हता.

दुसरा प्रवास ‘मॉरिसन’ या पेढीच्या जहाजाचा, जुलै १८३७ चा. वादळात भरकटून परदेशी किनाऱ्यांना लागलेले सात जपानी खलाशी त्या वेळी मकावमध्ये आश्रयाला होते. त्यांतले तिघे तर पॅसिफिक महासागर ओलांडून थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागले होते. त्यांना घरी पोहोचवावे म्हणून चार्ल्स किंग निघाले. सोबत पार्कर आणि विल्यम्स होते, आणि वाटेत गुत्सलाफही येऊन मिळाले. आपला हेतू शांततेचा आहे हे दिसावे म्हणून जहाजावरच्या तोफा आधीच उतरवून ठेवल्या होत्या. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आखातात शिरताच जपानी तोफांनी त्यांच्यावर मारा केला, पुढे कागोशिमालाही तेच झाले, आणि त्या सातही जणांना मायदेशाचा किनारा डोळ्यांनी पाहून परत फिरावे लागले. या सफरीत दया होती, धर्मप्रसाराची आशा होती, आणि बंद जपानशी व्यापाराचे दार किलकिले होईल ही अपेक्षाही होती. जहाजात भेटवस्तू आणि मालाचे नमुने होते. तेव्हा आपला तर्क या प्रवासाला लागू पडतो.

पेढीचा शेवट मात्र चांगला झाला नाही. संस्थापक गेल्यावर नव्या भागीदारांच्या काळात ती चिनी मजुरांना पेरू देशात नेण्याच्या व्यवहारात शिरली, जो धंदा त्या काळी अत्यंत बदनाम होता, आणि १८७८ साली ती बुडाली. अफूला नकार देणाऱ्या माणसाच्या नावाच्या पाटीखाली हे घडले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या भागात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे जुने रुग्णालय आहे, त्यामुळे या विषयाचे कुतूहल आहे. हिंदुस्थानातील आरंभीच्या मिशनकार्यालाही असा एखादा व्यापारी लाभला होता का, आणि त्याचा विदर्भाशी काही संबंध पोहोचतो का? — एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : लाभला होता, आणि संबंध पोहोचतो, तोही थेट आपल्या भाषेपर्यंत.

विल्यम कॅरी हे इंग्रज मिशनरी नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्याला उतरले तेव्हा त्यांच्याजवळचे पैसे लवकरच संपले. कुटुंब घेऊन ते सुंदरबनाच्या दलदलीत झोपडी बांधून राहिले. त्यांना तेथून वर काढले ते जॉर्ज उडनी यांनी. उडनी हे बंगालमधील माळदा येथे कंपनीचे व्यापारी अधिकारी होते आणि त्यांचा स्वतःचा निळीचा धंदाही होता. १७९४ साली त्यांनी कॅरींना मदनाबाटी येथील नीळ-कारखान्याचे व्यवस्थापक नेमले. कॅरींनी या नोकरीच्या काळात बंगाली आणि संस्कृत आत्मसात केली. १७९८ साली कलकत्त्यात एक लाकडी छापयंत्र विक्रीस निघाले तेव्हा तेही उडनी यांनीच विकत घेऊन दिले. नीळ साधेना म्हणून कारखाना पुढे बंद पडला, पण ते यंत्र कॅरींबरोबर जानेवारी १८०० मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, म्हणजे त्या वेळच्या डॅनिश वसाहतीत गेले आणि तेथला सुप्रसिद्ध छापखाना सुरू झाला. निळीच्या मळ्यांत रयतेवर जे जुलूम झाले त्यांचा इतिहास फार कडू आहे आणि तोही या पैशाच्या जोडीने आठवावा, असे मला वाटते.

श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले गेले, त्याच वर्षी मत्तयचे शुभवर्तमान मराठीत निघाले आणि १८१० साली मोडी खिळ्यांतला मराठी-इंग्रजी कोश निघाला. या कामात कॅरींना मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे होते. त्यामुळे तेथल्या मराठीला पुण्यापेक्षा नागपूरचे वळण आले, आणि पुढे काही जाणकारांनी त्यावरून त्या भाषेला नावेही ठेवली. मला मात्र या गोष्टीचा अभिमान वाटतो. आपल्या बाजूच्या पंडिताच्या तोंडची मराठी सर्वांत आधी छापल्या गेलेल्या मराठी गद्यात उतरली, आणि १८१५च्या सुमारास याच छापखान्यातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळही मोडीत छापून निघाली. तिचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नव्हता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या साहेबांना वाचनासाठी ती हवी होती.

व्यापाराचा धागा पाहायचा तर तो कापसाचा आहे. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांहून लांब मिर्झापूरला, गंगेच्या काठी जात असे. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी पाचशे बैलांवर सुमारे १,२०,००० पौंड कापूस प्रथमच मुंबईकडे काढला. मुंबईच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक तेव्हा चीन होते, आणि ऑलिफंट त्याच वर्षांत कँटनच्या वखारीत बसून व्यापार करीत होते.

आपल्या विदर्भातील पहिल्या मोठ्या मिशनला मात्र व्यापाऱ्याने नव्हे, लष्करी अधिकाऱ्याने हात दिला. मद्रास फौजेतील कॅप्टन विल्यम हिल यांनी नागपूरच्या मिशनसाठी मोठी रक्कम देऊ केली, आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चने स्टीफन हिस्लॉप यांना पाठवले. ते १८४५ साली नागपूरला आले, त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या भाषेचा आणि परंपरांचा अभ्यास केला, आणि येथल्या खडकांचे व जीवाश्मांचे इतके बारीक निरीक्षण केले की भूगर्भशास्त्रात त्यांचे नाव राहिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.

दारव्ह्याच्या वाचकांना एक विनंती. आपल्या वडिलांच्या वहीत ऑलिफंट यांच्या पानामागे-पुढे आणखी अशी टिपणे असतील, तर त्या पानांची छायाप्रत या सदराकडे पाठवावी. त्या काळी खेड्यातल्या वसतिगृहांत मुलांना कोणाकोणाच्या कथा सांगत, याची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही, आणि शाळकरी हस्ताक्षरातल्या त्या तीन ओळीही म्हणूनच जपण्यासारख्या आहेत.